डिजिटल संशोधनाचे तीस तास आणि माझं शांत डोकं

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.४०
समुपदेशक बाई म्हणाल्या, राग आला की दोन्ही हात खिशात घालायचे आणि तो लगेच कागदावर लिहून काढायचा. हे एकाच वेळी कसं करायचं ते विचारायचं राहिलं.

वही प्राचार्य उज्वला मॅडमनी कॉलेजच्या स्टोअरमधून दिली. कव्हरवर 'डेडस्टॉक रजिस्टर' छापलंय. चालेल. वाचणार कोण आहे?

डिसेंबरातल्या प्रकाराबद्दल एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नव्हतं. चार वेळा म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. पाचव्यांदा मी हेल्मेटने प्रयत्न केला. बावीस वर्षं नोकरी झाली, आता मला अंगठा कसा लावायचा ते भिंतीवरचा डबा शिकवणार?

त्यानंतर मॅडमनी माझा कॉस्टिंगचा वर्ग काढून घेतला आणि नवा कोर्स दिला. 'डिजिटल संशोधन आणि ऑनलाइन अभ्यास कौशल्ये'. तीस तास. माझा अनुभव बघूनच दिला असणार. मॅडम म्हणाल्या, त्या वर्गात मुलं कमी आहेत आणि खिडक्यांना काचा नाहीत.

संकल्प: आजपासून हात उगारायचा नाही. माणसावर तर नाहीच, वस्तूवरही नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
मॅडमनी स्टाफला तिळगूळ वाटला. मला दोनदा दिला.
संकल्प शाबूत.

१६ जानेवारी, गुरुवार. दुपारी १
पहिला तास झाला. अकरा मुलं, नऊ कॉम्प्युटर, चालू सहा. लॅब अटेंडंट पुंजाराम. वय चोपन्न, शिक्षण बारावी, मूळ नांदगावचा. त्याला वाटतं लॅब त्याच्या वडिलांची आहे.

प्रोजेक्टर निळाच्या निळा. पुंजाराम म्हणाला, केबल ढिली हाय, दोन मिनिटं थांबा. मी कशाला थांबू? प्रोजेक्टरच्या कानाखाली एक सणसणीत ठेवून दिली. चित्र आलं. वर्ग चिडीचूप. पुंजाराम आता सगळ्यांना सांगत फिरतोय की त्याने तेव्हाच केबल बसवली. खोटारडा लेकाचा.

हे संकल्पात धरायचं नाही. ही दुरुस्ती होती.

मग मुलांना माहिती कशी शोधायची ते दाखवलं. सर्चच्या चौकटीत टाइप केलं, 'महोदय, द्राक्षबागेत काम करणाऱ्या मजूर स्त्रियांविषयी सविस्तर माहिती मिळावी, ही नम्र विनंती.' पहिल्या क्रमांकावर रजेच्या अर्जाचा नमुना आला. मुलं फिदीफिदी हसली. एकेकाची बत्तिशी मोजून घ्यावी असं वाटलं, पण हात खिशात होते.

मैना नावाची मुलगी उठली. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, रोज निफाडहून एसटीने येते. तिने नुसते चार सुटे शब्द टाकले आणि एक सत्तर पानी सरकारी अहवाल काढून दाखवला. मी म्हटलं, ही पद्धत जरा उद्धट आहे, पण चालेल.

२१ जानेवारी, मंगळवार
विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेचं पत्रक आलं. प्रकल्प २८ फेब्रुवारीपर्यंत द्यायचा. पहिल्या येणाऱ्याला एमएची दोन वर्षं शिष्यवृत्ती.

मैनाने विषय घेतलाय, द्राक्षाचे घड औषधात बुडवणाऱ्या बायकांचे हात. तिची आई मालनबाई हेच काम करते. एकेक घड पातेल्यातल्या औषधात बुडवायचा, दिवसभर, उघड्या हातांनी. सालटी निघतात म्हणे. मैना एकशे बारा बायकांशी बोलणार आहे.

मग खाली बघत बाकीचंही बोलली. निवड झाली तर पुढे शिकेल. नाही झाली तर एक एप्रिलपासून अंबडला कंपनीत पॅकिंगला. तिचा भाऊ रंगनाथ कॉन्ट्रॅक्टरशी बोलून आलाय. म्हणाली, दादा वाईट नाय सर, पण त्याला थांबायला लय जड जातं.

मी तिला तिथल्या तिथे शब्द दिला. म्हटलं, मी असताना तुझ्या वाटेत कोण येतो ते बघतोच.

२४ जानेवारी, शुक्रवार
तपासणी समिती मार्चमध्ये येणार. डिजिटल कोर्सची हार्डकॉपी फाइल लागते. म्हणून नियम केला की प्रत्येकाने बघितलेल्या प्रत्येक वेबसाइटची लिंक जर्नलमध्ये निळ्या शाईने सुवाच्य अक्षरात लिहायची. समास सोडून.

काही लिंका तीन-तीन ओळींच्या असतात. त्याला मी काय करू?

मैनाच्या जर्नलात एक तिरपी रेघ राहिली होती. अख्खी लिंक दहा वेळा लिहायला लावली. जर्नल फेकलं, पण दरवाज्याच्या दिशेने. दरवाज्यात कोणी नव्हतं.

२९ जानेवारी, बुधवार. दुपारी ३.१५
मुलांना ऑनलाइन नियतकालिक उघडून दाखवत होतो. साइट म्हणाली, आधी तुम्ही माणूस आहात ते सिद्ध करा. बस असलेले चौकोन निवडा. निवडले. चुकलं म्हणाली. एका चौकोनात बसचा नुसता आरसा होता. आरसा म्हणजे बस का? मी मुलांना विचारलं. मतं पडली. सात विरुद्ध चार. पुन्हा निवडले. पुन्हा चुकलं. आता मोटारसायकली निवडा.

तळपायाची आग मस्तकात गेली. कीबोर्ड उचलून गुडघ्यावर ठेवला. त्याचे दोन झाले.

पुंजाराम जमिनीवरची बटणं वेचत होता. 'ळ' सापडला नाही.

कीबोर्ड जुनाच होता. कधीतरी जाणारच होता. माणूस असल्याचं मात्र त्या साइटला आता पटलं असेल.

घरी आल्यावर कुसुमने विचारलं, आज काय फुटलं? हिचा प्रश्नच असा, नवरा दमून आलाय की नाही ते नाही. चहा स्टीलच्या पेल्यात दिला. आमच्याकडे सगळं स्टीलचं आहे. कुसुम म्हणते टिकतं.

५ फेब्रुवारी, बुधवार
मैनाचं एकोणचाळीस बायकांशी बोलून झालं. मोबाइलवर रेकॉर्ड करते, मग ऐकून टाइप करते, हातांचे फोटो काढते. एका फोटोतल्या बाईच्या बोटांवर ठसेच उरले नाहीत. रेशनचं मशीन तिचा अंगठा घेत नाही म्हणे. मी विचारलं, मग तिने मशीनचं काय केलं? मैना म्हणाली, काय करणार सर, घरी गेली.

मी तिला सक्त सूचना दिली. सगळं काम कॉलेजच्या लॅपटॉपवरच ठेवायचं, एकाच ठिकाणी, आणि लॅपटॉप माझ्या कपाटात कुलपात. तिने विचारलं, ऑनलाइन ड्राइव्हवर एक प्रत ठेवू का? मी म्हटलं, हवेत ठेवलेल्या वस्तूवर माझा विश्वास नाही. तिने पुंजारामकडे बघितलं. पुंजारामने पंख्याकडे बघितलं.

शिस्त म्हणजे काय ते या पिढीला असंच हळूहळू कळेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार
तेरा दिवसांत काही फोडलेलं नाही. माऊस आपटला, पण तो माऊसपॅडवर. मॅडमना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, छान, आणि टेबलावरचा पेपरवेट ड्रॉवरमध्ये ठेवला.

मैनाच्या एकशे बारा मुलाखती पूर्ण. पोरीने फार कष्ट घेतले. खरं सांगायचं तर मला कौतुक वाटलं आणि ते लिहितोय, कारण समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या की नुसता राग लिहू नका.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सायंकाळी ५
शांतपणे लिहितो.

आज 'माहितीचा खरेखोटेपणा कसा तपासावा' यावर पाहुण्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. यशोधन नावाचा एक पोरगेला तज्ज्ञ. दाढी कोरलेली. दीपप्रज्वलन, स्वागत, सगळं रीतसर. शाल-श्रीफळ माझ्या हस्ते शेवटी द्यायचं म्हणून नारळ माझ्या हातात होता. मैनाचा प्रकल्प पाहुण्यांना दाखवायचा म्हणून लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवला होता.

हा यशोधन मुलांना म्हणतो, कोणाचंही ऐकून खरं मानू नका, शिक्षकांचंही नाही, मूळ स्रोत शोधा. आणि उदाहरण म्हणून त्याने काय घ्यावं? माझं हँडआउट. 'ऑनलाइन शोधाचे बारा नियम'. त्यातला सातवा नियम, मोबाइल उत्तरेकडे तोंड करून धरल्यास रेंज चांगली मिळते. त्याने हसत मला विचारलं, सर, याचा स्रोत? मी खरं तेच सांगितलं की ग्रुपवर आलं होतं.

सगळा हॉल हसला. मॅडमसुद्धा.

नारळ माझ्या हातातून निघाला.

मी तो यशोधनला मारला नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो. साधारण त्या दिशेला गेला. तो खाली वाकला, हा त्याचा समंजसपणा. नारळ लॅपटॉपवर जाऊन फुटला. पाणी आत गेलं. लॅपटॉपमधून एक बारीक चर्र आवाज आला आणि संपलं.

एकशे बारा बायका आत होत्या.

मी मैनाकडे बघितलं. रडली नाही. ओरडली नाही. उठून खोबऱ्याचे तुकडे गोळा केले आणि कागदावर ठेवले. मला धक्काच बसला. एवढी मेहनत वाया जाते आणि मुलीला काहीच नाही. गांभीर्य कसं ते नाहीच.

यशोधनला शाल दिली. त्याने ती लांबूनच घेतली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दुरुस्तीवाला म्हणाला, यातून काही निघणार नाही. त्याला जरा समजावून सांगावं म्हणून कॉलरला हात घातला. त्याच्या दुकानात चार जण होते. माझ्या चष्म्याची एक काडी गेली.

कुसुमला सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, त्या मुलीचं आता काय? मी म्हटलं, मी आहे ना. कुसुम उठून आत गेली.

चूक कोणाची हे बघत बसण्यात अर्थ नाही. यशोधनची आहे. पण भरून मी देणार. एकशे बारा मुलाखती मी स्वतः लिहून काढतो. विषय मला माहीत आहे, हात बघितलेत. बायका बायका काय वेगळं बोलणार?

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २
शनिवार-रविवार बसून चाळीस मुलाखती पूर्ण. कॉपी-पेस्ट ही फार उपयुक्त गोष्ट आहे, हे कोर्समध्ये घ्यायला हवं होतं. गठ्ठा छापून लॅबमध्ये मैनाला दिला. म्हटलं, घे, उरलेल्या परवापर्यंत देतो.

तिने चार पानं वाचली. म्हणाली, नको सर. म्हणजे काय नको? म्हणाली, या बायका खऱ्या नायत.

मी श्वास घेतला. दहापर्यंत आकडे मोजले. सहाला पुंजारामने गठ्ठा हातात घेतला आणि म्हणाला, सर, चाळीसच्या चाळीस बायांना एकाच दिवशी, एकाच बोटाला फोड आलाय. आणि नाव पण सगळ्यांचं मीनाच हाय.

माझ्या हातात माऊस होता. वायरवाला. वायरीला धरून फिरवला आणि सोडला.

पुंजारामच्या कानाला किंचित लागलं. तीन टाके.

थोडं रक्त टेबलावर, थोडं मैनाच्या ओढणीवर. तिने ओढणीच त्याच्या कानाला बांधली. दवाखान्यात पुंजारामने सांगितलं, कपाटाचं दार लागलं. मी त्याला असं सांगायला लावलेलं नाही. समिती येणार आहे म्हणून मॅडमनी सांगितलं असेल. मॅडमनी माझ्याशी बोलताना केबिनचं दार उघडं ठेवलं आणि शिपायाला दारातच उभं केलं. म्हणाल्या, समिती जाऊ दे, मग बघते.

पुंजारामला सॉरी म्हणायला गेलो होतो. म्हटलं, माऊस फार हलके बनवतात हल्ली, दिशा राहत नाही. तो हो म्हणाला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
स्पर्धेचा शेवटचा दिवस. मैनाने प्रकल्प ऑनलाइन सादर केला. माझी सही लागली नाही. मार्गदर्शकाच्या चौकटीत तिने माझं नाव घातलं की नाही ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण पुंजाराम तिथे बसला होता, पट्टीसकट.

काय पाठवलं असेल? माझ्याच चाळीस मीना पाठवल्या असणार, दुसरं तिच्याकडे होतं काय? वरवर नको म्हणायचं, ही मुलींची पद्धत असते.

संकल्प: तिची निवड झाली नाही तर रंगनाथला स्वतः जाऊन भेटायचं. त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. बोलायचेच.

७ मार्च, शुक्रवार
मैना अंतिम फेरीत. सहाजणांत नाव आहे.

दिवसभर स्टाफरूममध्ये सांगत होतो की मार्गदर्शन योग्य असलं की काय होतं. कोणी फार बोललं नाही. जळतात. कुसुमलाही सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं पोरीचं. माझं काय बरं झालं ते म्हणाली नाही.

मार्गदर्शकांना व्यासपीठावर बोलावतात असं ऐकलंय. पाच मिनिटांचं भाषण तयार केलं. विषय, 'संयम'.

१२ मार्च, बुधवार. दुपारी ४
स्पर्धा गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात होती. नवा शर्ट घातला. अर्धा किलो पेढे घेतले. तिसऱ्या रांगेत बसलो.

मैना चौथी बोलायला उभी राहिली. पुंजाराम तिचं पडद्याचं काम बघत होता. पुंजाराम तिथे कशाला, असं मनात आलं.

एकशे बारा होत्या. सगळ्या. नावं, गावं, आवाज, हात. एक-एक बाई आपल्या आवाजात बोलत होती आणि पडद्यावर तिचे हात दिसत होते. ठसे गेलेली बाईही होती. माझी एकही मीना नव्हती.

परीक्षक बाईंनी शेवटी विचारलं, इतकी नाजूक माहिती सांभाळली कशी? मैनाने पुढची स्लाइड लावली. मूळ प्रत कॉलेजच्या लॅपटॉपवर. दुसरी ड्राइव्हवर. तिसरी पुंजारामदादांच्या मोबाइलमध्ये. चौथी पेनड्राइव्हवर, घरी बाजरीच्या डब्यात. रोज संध्याकाळी चारही ताज्या करायच्या, प्रत्येक फाइलवर तारीख आणि वेळ. बाई म्हणाल्या, आम्ही पीएचडीच्या मुलांना हे शिकवून थकतो, तुला कोणी शिकवलं? मैना म्हणाली, पुंजारामदादांनी. बाईंनी विचारलं, पण रोज? चार-चार प्रती? एवढी भीती कशाची?

मैनाने मला बघितलं नव्हतं. म्हणाली, आमचे सर चांगले हायत मॅडम, पण त्यांना राग येतो. कशावर येईल ते आधी कळत नाय. म्हणून आम्ही समद्याच गोष्टींची प्रत ठेवतो.

हॉल हसला. हसत हसत परीक्षक बाईंनी लिहून घेतलं.

मार्गदर्शकांना व्यासपीठावर बोलावलं नाही.

दीड वाजता निकाल लागला. मैना पहिली.

बाहेर जिन्यापाशी ती उभी होती, छातीशी कॉलेजचा दुसरा लॅपटॉप, शेजारी पुंजाराम आणि एक बारीक चणीची बाई. मालनबाई असणार, हातांवरून ओळखलं. मला खरंच आनंद झाला होता. इथे खोटं लिहून काय करू? पुढे गेलो आणि पाठ थोपटायला हात वर केला.

पुंजारामने पटकन कानावर हात घेतला. मैनाने लॅपटॉप पाठीमागे नेला आणि एक पायरी वर चढली. दोघांनी विचार केला नाही, झालं ते आपोआप झालं. आणि मालनबाई, जिने मला कधी पाहिलंही नव्हतं, दोघांच्या पुढे येऊन उभी राहिली.

तिने माझं मनगट धरलं. शिवी नाही, काही नाही. कातडं खरखरीत होतं, पकड घट्ट. हात खाली आणला आणि सोडला. म्हणाली, सर, पेढे तिथं कठड्यावर ठिवा.

मी पुडा कठड्यावर ठेवला आणि चार पावलं मागे सरलो. मग मैना खाली आली आणि तिने तो उचलला.